बुडापासून तीन बोटं

धाकटीने किटलीतलं उकळतं पाणी बाटलीवरच्या रेघेवर धार धरून ओतलं आणि श्वास रोखला. हातात जाड रबरी मोजे, खाली पाण्याचा टब, शेजारी नळ. गरम पाण्याची एक फेरी, लगेच नळाखाली गार पाण्याची, की पुन्हा किटली. बाटली ढिम्म. तिने परत नळ सोडला तेव्हा काचेतून बारीकसा 'टक्' असा आवाज आला आणि बाटलीचं बूड अलगद सुटून टबात पडलं. हातात राहिला वरचा सगळा भाग, हिरवागार, खालची कड सुरीने कापल्यासारखी सरळ.

"ताई, सुटलं," ती म्हणाली.

थोरली दाराशी स्टुलावर बसून भिजवलेल्या बाटल्यांची लेबलं सोलत होती. उजव्या मनगटाला बँडेज गुंडाळलेलं, त्यामुळे सगळं काम डाव्या हाताने चाललेलं. तिने मान वर केली नाही.

"ऐकलं मी. आता बाकीच्यांचं बघ."

दोघी सख्ख्या जावा. थोरली खालच्या मजल्यावर राहायची, धाकटी वरच्या. घरामागे पूर्वी स्कूटर ठेवायची पत्र्याची खोली होती, ती आता या दोघींचा कारखाना झाली होती. रिकाम्या बाटल्या आणायच्या, धुवायच्या, कापायच्या आणि त्यांचे पेले, फुलदाण्या, मेणबत्तीची घरं करायची. थोरली कापायची आणि कडा घासायची. धाकटी रंगवायची, सुतळी गुंडाळायची आणि गोड बोलून विकायची. बाटल्या यायच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या मागच्या दारातून. त्यामुळे चांगल्या घरच्या दोन बायका पिशव्या खळखळवत गल्लीतून निघाल्या की लोक खिडकीत यायचे. थोरलीच्या नवऱ्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि गल्लीत सगळ्यांत जास्त बदनामी त्याचीच झाली होती. कोणी काळजीच्या सुरात त्याच्या तब्येतीची चौकशी केली की धाकटीला हसू आवरायचं नाही.

या कारखान्यात कटर म्हणजे गादी, आणि गादीवर थोरली. तसं बघायला गेलं तर ते यंत्र म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यावर बाटली आडवी टेकवायला दोन रूळ आणि पुढे काच ओरखडणारं एक इवलंसं चाक, एवढंच. बाटली चाकाला लावायची आणि दोन्ही हातांनी एकदाच, मध्ये न थांबता, पूर्ण गोल फिरवायची. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली तर बाटली सरळ सुटते. चुकली, किंवा त्याच रेघेवरून चाक दुसऱ्यांदा गेलं, तर ती मन मानेल तिथून फुटते.

अगदी सुरुवातीला धाकटीने एकदा कटर हातात घेतला होता. थोरलीने कुठून कुठून मिळवलेली एक गडद निळी बाटली होती, तशी त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. तिचे तीन तुकडे झाले. थोरली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडे गोळा करून पिंपात टाकले आणि म्हणाली, "तुझा हात उतावळा आहे. तू आपली रंगव." त्या दिवसापासून कटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला, डबा थोरलीच्या कपाटात आणि धाकटी रंगांच्या ब्रशांकडे.

आणि थोरलीचा शब्द म्हणजे शब्द. लग्न होऊन आल्यावर घरात नवा सोफा आला होता, त्याला नावं ठेवताना "यावर मी काही बसायची नाही" असं ती बोलून गेली. सोफा जुना झाला, त्याची कापडं दोनदा बदलली, पण ती अजून त्याच्यासमोर स्टूल ओढून बसते. पुढे तिला तो सोफा आवडायला लागला हे घरात सगळ्यांना दिसत होतं. झाडलोट करताना ती त्याच्या हातावर उगाच फडकं फिरवत उभी राहायची. पण एकदा बोललेलं परत घ्यायचं कसं, ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं. सगळं घर या सोफ्यावरून तिला चिडवायचं आणि तीही हसायची, स्टुलावर बसून.

दिवे ही कल्पना धाकटीची. पेल्यात आणि फुलदाणीत बाटलीचा खालचा भाग कामाला येतो आणि वरचा टाकून द्यावा लागतो, याचं तिला कधीचं वाईट वाटत होतं. तिने एकदा टाकलेल्या वरच्या भागात बल्ब सोडून बघितला आणि खोलीच्या भिंती हिरव्या झाल्या. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. भरबाजारात लावलेल्या त्यांच्या टेबलावर तिने तो एकच दिवा टांगला होता, तो एका बाईने पाहिला. बाई नवा कॅफे उघडत होती. लांबलचक काउंटर, आणि त्याच्यावर एका ओळीत असे दिवे तिला हवे होते, सगळ्यांची खालची कड एका रेषेत. जमेल का, असं तिने विचारलं. धाकटीने जीभ चावायच्या आत हो म्हणून टाकलं.

घरी येऊन सांगताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. थोरलीने किती दिवे, किती दिवसांत, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांचा क्रेट उचलताना तिचं मनगट मुरगळलं.

धाकटीला वाटलं, संपलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपल्या डोक्यातली वस्तू मागितली होती, आणि आता त्या बाईला फोन करून नाही म्हणायचं. ती फोन हातात घेऊन शब्द जुळवत बसली होती, तेवढ्यात थोरलीने बिस्किटांचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

"दुसरं कोण आहे इथे?" थोरली म्हणाली. "उरक. आणि हे बघ, हे काम बिघडलं तर डबा परत कपाटात जाईल. मग मागू नकोस."

तेव्हा हे असं होतं. कॅफेच्या त्या ओळीवर धाकटीचा कटर अवलंबून होता.

मापाची युक्तीही तिचीच. थोरली आजवर बोटांनी मापायची. बाटली उभी करायची, बुडाशी बोटं आडवी लावायची, वर खूण करायची. पेल्याला सहा बोटं, मेणबत्तीच्या घराला तीन. दिव्याचं तसं नव्हतं. दिव्यात बूड जातं आणि तोंड राहतं, वायर तोंडातून खाली उतरते, म्हणजे दिवा वरून लटकणार. बाटल्या हिरव्या म्हणून सारख्या दिसत होत्या खऱ्या, पण कोणी या कंपनीची, कोणी त्या. कोणी बोटभर उंच, कोणी बोटभर बुटकी. मग बुडाकडून मापून कसं चालेल? तिने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक पट्टी केली, तिच्या टोकाला खाच पाडली. खाच बाटलीच्या तोंडाला अडकवायची, पट्टी सरळ खाली सोडायची, ती संपेल तिथे रेघ.

"बोटं काय गहाण टाकलीस?" थोरलीने विचारलं.

"माझ्या बोटांवर माझा भरवसा नाही, ताई. तुम्हीच सांगितलंत ना, उतावळी आहेत म्हणून."

थोरलीने तोंड फिरवलं, पण फिरवण्याआधी तिला हसू आलेलं धाकटीने पाहिलं.

तो दिवस धाकटी पुढे कितीतरी वेळा आठवणार होती. पट्टी अडकवायची, खूण करायची, बाटली रुळावर ठेवायची. चाकाखाली काच बारीक करकरायची आणि तो आवाज थेट तिच्या दातांत जायचा. मग किटली, नळ, किटली, नळ, आणि टक्. दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. तिने जेवण उभ्या उभ्या उरकलं. नवरा कामावरून येऊन दारात उभा राहिला आणि चहा मिळेल का विचारू लागला, तर तिने त्याच्या हातात किटलीच दिली आणि ती पुन्हा भरून आणायला लावली. बिचारा तिसऱ्यांदा किटली भरताना म्हणाला की या घरात पाण्याला चहा होण्याचं भाग्य राहिलेलं नाही.

संध्याकाळी सगळे दिवे फळीवर मांडून झाले तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि ते एकाच वेळी सगळ्या बाटल्यांत शिरलं. पत्र्याची खोली तळ्याच्या तळाशी गेल्यासारखी दिसू लागली. धाकटीने कडा पॉलिश पेपरने पाण्यात घासल्या होत्या, बोट फिरवलं तर कुठे लागत नव्हतं. तिने मोजे काढले, वर जाऊन नवऱ्याला सांगितलं, खाली येऊन भाऊंना, म्हणजे थोरल्या दिरांना सांगितलं, कॅफेवालीला फोन करून सांगितलं.

"एकही तडकली नाही," ती सगळ्यांना म्हणत होती. "पहिल्यांदाच एवढ्या कापल्या, आणि एकही नाही."

थोरली फळीपाशी जाऊन एकेक दिवा डाव्या हाताने उचलून बघत होती. तिचा अंगठा सवयीने कडेच्या आतल्या बाजूने फिरला.

"आतून नाही घासल्यास."

"आतून कोण बघतंय, ताई?"

थोरलीने एक दिवा उन्हात धरला, डोळे बारीक करून जरा जास्तच वेळ बघितला आणि होता तिथे ठेवला. मग दुसरा उचलला. पाणी फार उकळतं होतं का, असं तिने विचारलं. धाकटीने ते अर्धवट ऐकलं, कारण तिचा फोन पुन्हा वाजत होता.

"आज अशाच राहू देत," थोरली म्हणाली. "काचेचं काय ते सकाळी कळतं."

सकाळी धाकटीला जाग आली ती टेम्पोच्या हॉर्नने. एवढ्या दिवसांची झोप एकदम वसूल झाली होती. ती केस बांधत, कालचा एप्रन तसाच अंगावर चढवत धावत खाली आली, तर दिवे बांधून तयार. एकेक दिवा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, क्रेटमध्ये मध्ये मध्ये कापडं कोंबलेली. खोलीची फरशी धुऊन ओली होती. थोरली स्टुलावर बसून गार झालेला चहा पीत होती, आणि तिचे डोळे लाल दिसत होते.

"ताई, हे सगळं तुम्ही? एका हाताने?"

"दोन असते तर आधीच झालं असतं. जा, तो टेम्पोवाला पेटलाय."

धाकटीने थोरलीला बरोबर चलायचा आग्रह केला. थोरली म्हणाली, हा असा हात घेऊन तिथे काय करू, शोभेला उभी राहू? आणि तिने पाठ फिरवून कप विसळायला घेतला.

कॅफेत अजून रंगाचा वास होता. खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात रचलेल्या, काउंटरवर लाकडाचा भुसा. संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि मालकीण एका हातात फोन, एका हातात झाडू घेऊन तिन्ही खोल्यांत एकाच वेळी असल्यासारखी फिरत होती. वायरमन शिडीवर होता. त्याने छतातून सगळ्या वायरी आधीच सोडून ठेवल्या होत्या, अगदी सारख्या लांबीच्या, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. धाकटी खालून कागद सोडून दिवा वर द्यायची, तो तोंडातून वायर ओवून बूच बसवायचा, बल्ब लावायचा आणि पुढे सरकायचा. त्याला बोलायला आवडायचं. या वस्तीत येणाऱ्या बाटल्यांपैकी निम्म्या त्याच्या मेहुण्यानेच रिकाम्या केल्या असतील, असं त्याचं म्हणणं होतं. मेहुण्याने एवढी चांगली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच केली, हे तो आज घरी जाऊन सांगणार होता.

शेवटचा दिवा लागला. धाकटी मागे मागे जात भिंतीला टेकली आणि तिने डोळे वर केले.

ओळ सरळ नव्हती.

बहुतेक दिवे सुतात होते. पण मध्येच एक खाली आला होता, पुढचे काही बरोबर, मग एक बोटभर वर चढलेला, टोकाकडे दोन पुन्हा खाली. रांगेत मुलं उभी करावीत आणि त्यातली चार-सहा टाचा उंचावून किंवा गुडघे वाकवून उभी राहावीत तसं दिसत होतं.

"छत सरळ आहे हां, वहिनी," वायरमन घाईने म्हणाला. "वायरी मी स्वतः मापल्यात."

मालकीण येऊन शेजारी उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती. तिने फक्त झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. धाकटीच्या डोळ्यांपुढे बिस्किटांचा डबा आला आणि त्याचं झाकण बंद झालं.

ती शिडीवर चढली. एप्रनच्या खिशात पुठ्ठ्याची पट्टी होती, ती काढून तिने पहिल्या दिव्याच्या तोंडाला अडकवली. बरोबर. पुढचा, बरोबर. मग खाली आलेला एक. पट्टी संपली तरी काच संपेना. वर चढलेला एक घेतला, तर काच आधी संपली. तिला काही कळेना. हीच पट्टी, हाच हात, मग हे कसं झालं? दिवा हलू नये म्हणून तिने तो खालून धरला, आणि तिचं बोट कडेच्या आत गेलं.

आतली कड रेशमासारखी होती.

तिने शेजारचा दिवा चाचपला. आतून खरखरीत, तो तिचा. त्या पलीकडचा खरखरीत. खाली आलेला पुन्हा गुळगुळीत. तिने शिडी सरकवायला लावून ओळीतला प्रत्येक चुकलेला दिवा आतून चाचपून बघितला आणि प्रत्येकाची आतली कड तशीच निघाली, अंगठा फिरवून फिरवून घासलेली. तिच्या ओळखीत असं घासणारी एकच बाई होती.

मग सगळं एकामागून एक तिच्या लक्षात येत गेलं. काचेचं सकाळी कळतं. काल संध्याकाळी थोरलीने उन्हात धरून बघितलेले दिवे. उकळत्या पाण्याने पडलेल्या, केसासारख्या, तिला न दिसलेल्या चिरा, आणि रात्रीत त्यांच्या झालेल्या भेगा. पहाटे थोरली खोलीत आली असेल, तडकलेले दिवे तिने बाजूला काढले असतील, उरलेल्या बाटल्यांतून तेवढ्याच नव्या घेतल्या असतील. पट्टी शोधली असेल. पट्टी वरच्या मजल्यावर धाकटीच्या एप्रनच्या खिशात होती, आणि ती मागायची तर धाकटीला उठवावं लागलं असतं, तिच्या किती बाटल्या गेल्या ते सांगावं लागलं असतं. तेव्हा थोरलीने जन्मभर केलं तेच केलं. बाटली उभी केली, बुडाशी तीन बोटं लावली आणि खूण केली.

आणि बाटली फिरवायला दोन्ही मनगटं लागतात. दुखऱ्या मनगटाने एवढी सरळ रेघ मारून दाखवणारी बाई अजून जन्माला यायची होती.

धाकटी शिडीच्या वरच्या पायरीवर खाली बसली. आपल्या सगळ्या बाटल्या टिकल्या म्हणून ती कालपासून गावभर नाचत होती. त्या टिकल्या नव्हत्या, याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी भसाभस चढत गेलं, आणि तिला एकाच वेळी रडू आणि हसू यायला लागलं. उतावळा हात म्हणालेली बाई शब्द मागे घेऊ शकत नव्हती. म्हणून तिने मनगट मुरगळल्याचं सोंग घेतलं होतं.

"वहिनी, चक्कर आली का?" वायरमनने शिडी घट्ट धरून विचारलं.

"नाही." तिने एप्रनने तोंड पुसलं. मालकीण खालून वर बघत होती. "माप माझं चुकलंय. या चार-सहा दिव्यांपुरतं. दिवे काढायचे नाहीत, वायरी वर-खाली करून घेऊ. मी सांगते तेवढी ओढा."

वायरमनला ते जिवावर आलं, कारण त्याच्या सारख्या वायरी आता सारख्या राहणार नव्हत्या. पण तो वर चढला. ती लांब उभी राहून बोटभर, अर्धं बोट, अजून जरा, असं सांगत राहिली आणि तो छतापाशी गाठी मारत राहिला. शेवटी कडा एका रेषेत आल्या. मालकिणीने स्वतः जाऊन बटण दाबलं.

काउंटर, भिंती, प्लास्टिकमधल्या खुर्च्या, वायरमनचं टक्कल, सगळं एकदम हिरवं आणि सोनेरी झालं. वायरमनने शिडीवरून उतरताना टोपी काढल्यासारखा कपाळावरून हात फिरवला आणि आपला मेहुणा फुकट प्यायला नाही, एवढंच म्हणाला. मालकीण काउंटरवर वाकून खाली पडलेली प्रकाशाची वर्तुळं बघत होती.

"हे बघा ना," ती म्हणाली. "या वर्तुळाची कड किती स्वच्छ आहे. आणि याची. बाकीच्यांची जराशी फाटल्यासारखी दिसते. हे तुम्ही वेगळं काय केलंत?"

"आतून घासलंय," धाकटी म्हणाली.

"मग आतल्या खोलीसाठी सगळे असेच करून द्या. तिथे याच्या दुप्पट लागतील."

घरी परतताना रिकाम्या क्रेटवर बसून धाकटी टेम्पोच्या मागच्या भागात आदळत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. काय बोलायचं याच्या तिने वाटेत दहा तऱ्हा केल्या. प्रत्येक तऱ्हेत थोरली मान फिरवून कप विसळायला जात होती.

थोरली पत्र्याच्या खोलीतच होती. स्टूल, ओल्या बाटल्या, डावा हात. कोपऱ्यातल्या फुटक्या काचेच्या पिंपावर आज वर्तमानपत्र नीट अंथरून ठेवलेलं होतं. धाकटीने ते उचललं नाही.

"लागले दिवे?"

"लागले."

"एका रेषेत?"

"एका रेषेत," धाकटी म्हणाली.

थोरलीचे खांदे सैल पडले. मग धाकटीने बाकीचं सांगितलं, भिंती कशा झाल्या, वायरमन काय म्हणाला, बाई कशी वाकून बघत होती, आणि नवं काम, दुप्पट. सांगताना ती कालच्यासारखीच खोलीभर फिरत होती. थोरली ऐकत होती आणि लेबल सोलत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती किती कष्ट घेतेय, हे धाकटीला आज पहिल्यांदाच दिसलं.

"सगळे आतून घासलेले हवेत तिला. शिकवाल मला?"

"त्यात काय शिकवायचं. अंगठ्याला कळतं." थोरलीने बाटली उलटी केली. "बस इथे, दाखवते."

"आणि तुमचा हात? कसा आहे आता?"

थोरलीने मनगट वर करून बँडेजकडे विचारपूर्वक पाहिलं.

"हा काही इतक्यात बरा व्हायचा नाही," ती म्हणाली. "कापायचं तुलाच बघावं लागेल."

धाकटीने मान डोलावली. तिने खणातून हातोडी आणि एक खिळा काढला, कटरच्या वरच्या भिंतीत तो दोन घावांत ठोकला आणि खिशातली पुठ्ठ्याची पट्टी त्याला अडकवली.

"ही आता इथेच राहील, ताई. माझ्या खिशात राहिली की पंचाईत होते." तिने मागे वळून बघितलं नाही. "पहाटे कोणाला लागली तर."

लेबल सोलायचा आवाज थांबला. टबात नळ ठिबकत होता तेवढाच. धाकटी हातोडी धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिला वाटलं, आता स्टूल सरकेल, पावलं वाजतील, आतल्या घराचं दार लागेल.

स्टूल सरकलं. थोरली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खिळ्याकडे बघू लागली.

"खिळा जरा खाली मार," ती म्हणाली. "तिथवर माझा हात पोचत नाही."

आणि कुठवर पोचतो ते दाखवायला तिने बँडेज बांधलेला उजवा हात सरळ वर केला. धाकटीने तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली.